सोमवारपर्यंतची बाटली

दारुड्याच्या नातेवाइकांची थाप विमलामावशीला ती मारायच्या आधीच कळायची. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात अपघात विभागाच्या दारात बावीस वर्षं काढली होती तिने. कागदावर ती कक्षसेविका. प्रत्यक्षात स्ट्रेचर ओढण्यापासून ओकारी पुसण्यापर्यंत आणि रडणाऱ्या बायकांना पाणी देण्यापासून त्यांना दोन शब्द सुनावण्यापर्यंत सगळं तिच्याच अंगावर. डॉक्टर विचारायचे, "रोज किती घेतात?" बायको पदराशी चाळा करत म्हणायची, "रोज नाय हो. कधीतरी, थोडीशी." "शेवटची कधी घेतली?" "झाले की आठ दिवस. शिवलेलेपण नाय." मग मागून विमलामावशीचा आवाज यायचा, "गो बाय, वकिलाशी खोटं बोल, पोलिसाशी बोल. हितं बोलू नको. हितं बोललीस तर कपाळ पुसून जाशील."

बाई घाबरून खरं बोलायची. डॉक्टर बदलत गेले, पण प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच कळायचं की दारूच्या पेशंटची खरी माहिती हवी असेल तर मावशीला जवळ उभं करावं.

दारू माणसाला मारते हे कोणीही सांगेल. विमलामावशीला त्याच्या पुढचं माहीत होतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एका झटक्यात सोडली तर ती सुटलेली दारू त्याला जास्त लवकर मारते. पहिल्या दिवशी हात थरथरतात, दुसऱ्या दिवशी घाम फुटतो, झोप उडते, मग भिंतीवर नसलेलं दिसायला लागतं आणि माणूस फिट येऊन पडतो. घरचे त्याला कांदा हुंगवतात, चप्पल नाकाला लावतात, भगताकडे नेतात, आणि सगळं करून झालं की रुग्णालयात आणतात. शिमग्यानंतरच्या आठवड्यात असे हमखास यायचे. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, घरासमोर गाऱ्हाणं घातलं जातं, आणि कुणाची तरी आई नाहीतर बायको पुढे होऊन म्हणते, देवासमोर शपथ घे. तो घेतो. कोकणी माणूस कोर्टात खोटं बोलेल, पण पालखीवर हात ठेवून बोललेलं मोडायला त्याची छाती होत नाही. मग तिसऱ्या दिवशी स्ट्रेचर.

"देवाला सांगा शपथ नंतर घेतो म्हणून," विमलामावशी त्या बायकांवर डाफरायची. "आधी दवाखाना, मग देव."

बोलायला काय जातं.

फिट थांबली, माणूस सावरला की डॉक्टर चिठ्ठी लिहायचे, रत्नागिरीच्या व्यसनमुक्ती केंद्रासाठी. चिठ्ठी दिली म्हणजे माणूस पोचला असं मुळीच नाही. कुणी एसटीत बसायचा आणि पुढच्याच नाक्यावर उतरायचा. कुणाची चिठ्ठी शर्टाबरोबर धुतली जायची. तरी विमलामावशीचा त्या चिठ्ठीवर विश्वास होता, आणि त्याला कारण होतं हेदवीचा एक सुतार. सासुरवाडीला आला असता फिट येऊन पडला, इथून चिठ्ठी घेऊन गेला, आणि खरोखर बरा झाला. तो दर वर्षी दिवाळीच्या आधी यायचा आणि मावशीसाठी काहीतरी घडवून आणायचा. एकदा पोळपाट, एकदा पाट, एकदा मसाल्याचा डबा. पाठवलेल्यांत असे किती निघाले, हे तिने कधी मोजलं नाही. हा एक होता, तेवढं तिला पुरत होतं.

तेवढ्यावर विश्वास ठेवणं तिला भागच होतं, कारण घरात रितेश होता.

रितेश तिचा एकुलता एक. बाप मुंबईला गिरगावात खानावळीत कामाला होता, तो काविळीने गेला तेव्हा पोरगा सात वर्षांचा. पुढे तोही मुंबईला गेला, हॉटेलात लागला, आणि लॉकडाऊनमध्ये चालत-ट्रकने-चालत असा गावी परत आला तो पिणारा होऊनच. तसा गुणी. ढोल असा वाजवायचा की म्हातारीकोतारी पाय आपटायची. आणि पालखी नाचवावी तर त्यानेच. खांद्यावर घेऊन वाकला की देवी कलंडेल असं वाटायचं, आणि कलंडायची नाही. पण एका शिमग्याला तो पिऊन पालखीखाली गेला आणि गुडघ्यावर पडला. त्या दिवसापासून मानकऱ्यांनी त्याला खांदा देऊ दिला नाही. चार वर्षं पालखी दारावरून जायची तेव्हा हा मागच्या पडवीत बसून असायचा. आणि बसून आणखी प्यायचा.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," गावात म्हणायचे. विमलाच्या कानावर यायचं. खोटं थोडंच होतं ते?

या वर्षी होळीच्या आधी रितेश स्वतःहून म्हणाला, "आये, मला ने गो तुझ्या त्या केंद्रात." ती चुलीपुढे होती. हातातली पळी तिने खाली ठेवली आणि चुलीतलं लाकूड उगाचच पुढे सारलं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्याला डॉक्टर विनीतांपुढे उभं केलं. हा डॉक्टर परभणीकडचा, वयाने रितेशएवढाच, बोलायला सौम्य. त्याने केंद्रात फोन लावला. पुढच्या सोमवारी खाट रिकामी होणार होती.

"आठवडा आहे मधे," डॉक्टर म्हणाले. "मावशी, तुम्हाला वेगळं सांगायला नको. तोवर एकदम बंद नाही करायची. मी लिहून देतो तेवढीच, ठरल्या वेळी, तुमच्या हातून. आणि थरथर वाढली, घाम फुटला, काही दिसायला लागलं, तर सोमवारची वाट बघायची नाही. तडक इथं."

"व्हय," ती म्हणाली.

मग बावीस वर्षं दारूच्या नावाने बोटं मोडणारी विमला दारूच्या दुकानात गेली. दोन बाटल्या घेतल्या, पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीखाली ठेवल्या. घरी आल्यावर तिने रुग्णालयातली सवय वापरली. सलाईनच्या बाटलीला सिस्टर उभी चिकटपट्टी लावतात आणि तिच्यावर पेनाने वेळेच्या रेघा मारतात, किती वाजेपर्यंत पाणी कुठवर उतरायला हवं ते दिसावं म्हणून. विमलाने तशीच पट्टी दोन्ही बाटल्यांना लावली. एकीवर मंगळ, बुध, गुरू. दुसरीवर शुक्र, शनि, रवि. प्रत्येक दिवसाचे पुन्हा तीन भाग, सकाळ, दुपार, संध्याकाळ. बाटल्या तांदळाच्या पिंपात रोवल्या. रितेश बघत होता. "आये, तू तर मला सलाईनच लावलंस," तो म्हणाला, आणि दोघं हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं.

मंगळ गेला, बुध गेला, गुरू गेला. मापात मिळायची, मापात प्यायचा. हात थोडे कापायचे, पण जेवायचा, रात्री झोपायचा. शुक्रवारी दुपारचं माप घेऊन तो अंगण सारवायला बसला, कारण संध्याकाळी पालखी दारी येणार होती.

पालखी आली. ढोल, ताशे, गुलाल, सगळी वाडी अंगणात. विमलाने देवीची ओटी भरली, नारळ पुढे ठेवला. गाऱ्हाणं घालायला बाळा मानकरी उभा राहिला. हा तिचा चुलत दीर, सत्तरीचा, आवाज अजून खणखणीत. मनाने वाईट नव्हे. नवरा गेला तेव्हा वर्षभर तिच्या घरात भात पोचवणारा हाच. तो हात जोडून सुरू झाला, "आये नवलाई, आज ह्या घरच्या लेकरांनी तुझी सेवा केली हाय, ती मान्य करून घे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" वाडी एका आवाजात ओरडली.

"ह्यो रितेश, तुझा लेकरू. वाट चुकला हाय. आजपासून त्याने ती बाटली शिवायची नाय, आणि तू त्याला पदराखाली घ्यायचा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"हात ठेव रे," बाळा त्याला म्हणाला. "देवीसमोर बोल. आणि मग खांदा दे. आजच दे."

विमला तुळशीजवळ उभी होती. तिला बोलायचं होतं. वाक्य अगदी जिभेवर होतं, बावीस वर्षं घोटलेलं: शपथ नंतर, आधी दवाखाना. एवढंच म्हणायचं होतं की भावोजी, सोमवारपर्यंत थांबा. पण सगळी वाडी तिच्याकडे बघत होती, आणि पिंपातली बाटली जणू सगळ्यांना दिसत होती. आई पोराला पाजते, हे उद्या सगळ्या गावात झालं असतं. आणि त्याहून खोल एक गोष्ट होती. देवीकडे तीन दिवसांची सवलत मागायची कशी? देवी काय दुकानदार आहे? आणि खरं सांगायचं तर, तिला स्वतःलाच ती शपथ हवी होती. बाकीच्या बायकांना हवी असते तशीच हवी होती. ती गप्प राहिली.

रितेशने पालखीच्या दांडीवर हात ठेवला. "आजपासून शिवणार नाय," तो म्हणाला. मग वाकला, खांदा दिला, आणि चार वर्षांनी पालखी नाचवलीन. अशी नाचवलीन की बाळा मानकऱ्याच्या डोळ्यांना पाणी आलं. संध्याकाळचं माप बाटलीत तसंच राहिलं.

शनिवारी सकाळी त्याच्या हातातून चहाचा पेला पडला. विमलाने रजा टाकली. दुपारी त्याचा शर्ट घामाने पिळून काढण्यासारखा झाला. ती म्हणाली, "चल, दवाखान्यात जाऊया. डॉक्टर गोळ्या देतील. गोळी म्हंजे दारू नाय."

"गोळी पण नशाच ती," तो म्हणाला. "दोन दिवस तर हायत आये. जाईन गो मी. सोमवारी ताठ चालत जाईन."

तिने ओढून न्यायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचा पोरगा असता तर तिने रिक्षावाल्याला फोन करून, चार माणसं लावून उचलून आणला असता, आणि आणताना आईला शिव्याही घातल्या असत्या. पण हा तिचा होता. आणि चार वर्षांत पहिल्यांदा तो म्हणत होता, मी करून दाखवतो. तिने स्वतःची समजूत घातली. वयाने लहान आहे. आठवडाभर मापात होता. देवी आहे. संध्याकाळी त्याने सुक्या बांगड्याचं कालवण आणि मूठभर भात खाल्ला, तेव्हा तिला वाटलं, उतरलं.

दिवेलागणीला थरथर पुन्हा सुरू झाली, खाटेचे पाय वाजायला लागले. तेव्हा मात्र तिने पिंपातून बाटली काढली. पेल्यात एक माप ओतलं आणि त्याच्यापुढे धरलं. रितेशने पेल्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"आये, तूच मोडायला सांगतंस?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेल्यातली दारू तिने परत बाटलीत ओतली. एक थेंब सांडू दिला नाही, का ते तिलाही सांगता आलं नसतं. आयुष्यात त्याने तिला किती वचनं दिली आणि मोडली. हे तेवढं पाळत होता.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला तो पडवीत बसून पायावरून काहीतरी वेचत होता. "आये, कुर्ल्या बघ किती चढल्यात. काढ गो, चावतायत." पायावर खेकडा सोडाच, काहीच नव्हतं. विमला घरात धावली, रिक्षावाल्याचा नंबर लावला, आणि बाहेर येईपर्यंत तो खाली पडला होता. शेजारीण कांदा घेऊन आली. विमलाने तो तिच्या हातातून हिसकावून फेकला आणि पोराला कुशीवर वळवलं. ते एवढं तिने बरोबर केलं.

अपघात विभागात त्या दिवशी निशिगंधा सिस्टर होती. स्ट्रेचर मावशी स्वतःच ओढत आणते आहे हे तिच्या सवयीचंच होतं. स्ट्रेचरवर कोण आहे ते बघून तिने हातातला ट्रे टाकला आणि डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर विनीत धावत आले. सुई लागली, फिट थांबली, सलाईन चालू झालं. मग डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तोंडातून सवयीनेच निघाला.

"शेवटची कधी घेतली?"

मावशी मॉप घेऊन मागे उभी नव्हती. ती नातेवाइकांच्या जागेवर उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"शुक्रवारी दुपारी."

"शुक्रवारी? मग आज रविवार... मावशी, मी लिहून दिलं होतं ना? रोजची द्यायची होती ना?"

"शपथ घेतलान त्याने. पालखीसमोर."

डॉक्टर परभणीचे. त्यांना पालखी म्हणजे काय, गाऱ्हाणं म्हणजे काय, काही ठाऊक नव्हतं. "आणि काल? काल का नाही आणलंत? तुम्ही..."

ते थांबले. पुढचं त्यांना बोलवेना. तिने मात्र ते ऐकलं. कारण गेली बावीस वर्षं ते वाक्य तीच पुरं करत आली होती.

दुसरी फिट आली. श्वास घरघरायला लागला. इथे ठेवण्यात अर्थ नव्हता, रत्नागिरीला हलवायचं ठरलं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. निशिगंधा सिस्टरने ती मावशीच्या हातात दिली तेव्हा तिने घडी न घालता, दोन्ही हातांनी धरली. याच कागदावर उद्या केंद्राचं नाव असायचं होतं. आज त्यावर जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयाचं नाव होतं आणि वर लाल अक्षरात तातडीचे असं लिहिलेलं.

गाडीत ती त्याच्या उशाशी बसली. घाट उतरेपर्यंत त्याचा हात गरम होता. हायवेला लागल्यावर तिसरी फिट आली. गाडीतल्या डॉक्टरीणबाईंनी करायचं ते सगळं केलं, छाती दाबली, खूप वेळ दाबली. विमला चिठ्ठी धरून बघत होती. तिने अशी छाती दाबताना शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि हात कधी थांबतात तेही तिला माहीत होतं. ते थांबायच्या थोडं आधीच तिला कळलं.

सोमवारी केंद्रातून फोन आला. निशिगंधा सिस्टरने उचलला आणि सांगितलं की खाट दुसऱ्या कुणाला द्या.

गाव दुःखात होतं, आणि गावाला अभिमानही होता. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच बोलायचा. "शब्द पाळलान पोराने." "शेवटी देवीचा होऊन गेला." "तोंडाला थेंब न लागता गेला, असं मरण कुणाला येतं गो?" विमला ऐकून घ्यायची. सांगायला गेली असती तर काय सांगितलं असतं? की त्या थेंबानेच तो जगला असता? कोणाला पटलं असतं, आणि पटून काय झालं असतं? हेदवीचा सुतारही येऊन गेला. तो मात्र नुसता पडवीच्या कडेला बसला, आणि जाताना तिच्या पाया पडला. त्याच्या येऊन जाण्याने तिला सगळ्यात जास्त रडू आलं.

दहाव्याला वहाळावर, ओढ्याच्या काठी, पिंड ठेवला. वाडी जमली. कावळे झाडावर होते, चांगले सात-आठ, पण एक खाली येईना. बाळा मानकऱ्याने हात जोडून म्हटलं, "विमलाला आम्ही सांभाळू, जा बाबा." कावळा आला नाही. "घराचं छप्पर यंदा शाकारून घेऊ." नाही आला. ऊन चढलं. बायका कुजबुजायला लागल्या. कुणी म्हणालं बांगडा ठेवा, त्याला आवडायचा. बांगडा ठेवला. एक कावळा खालच्या फांदीवर आला, मान वाकडी करून बघितलं आणि पुन्हा वर गेला.

मग बाळा मानकरी विमलाजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "गो विमला, घोटभर ठेवून बघूया काय? जीव त्यातच अडकला असंल त्याचा."

तिने त्याच्याकडे बघितलं. म्हातारा खरोखर कासावीस झाला होता, डोळे लाल होते. त्याचा राग यावा असं तिला फार वाटलं, पण राग आला तो स्वतःच्या जिभेचा.

"आणि शपथ, भावोजी?"

"मेलेल्याला कसली शपथ गो," तो म्हणाला. "ती संपली."

कुणीतरी दुकानावर निघालं होतं. विमला म्हणाली, "नको. घरात हाय."

ती बांधावरून घरी गेली, तांदळाच्या पिंपात हात घातला आणि बाटली घेऊन उघडीच, सगळ्यांच्या देखत वहाळावर आली. बाटलीवरची चिकटपट्टी तशीच होती, रेघा तशाच, तिच्या हातचं वेडंवाकडं अक्षर. पिंडाजवळ द्रोण होता. ती खाली बसली. एकदम उपडी केली नाही. बाटली डोळ्यांसमोर धरून रेघ बघत, शुक्रवारची संध्याकाळ ओतली. मग शनिवारची सकाळ, दुपार, संध्याकाळ. द्रोण भरून दारू मातीत जायला लागली तरी ती मापानेच ओतत होती. रविवारच्या सकाळपाशी तिचा हात थोडा थांबला, आणि पुन्हा चालू झाला, रविवारची संध्याकाळ संपेपर्यंत.

"घे रे बाबा," ती म्हणाली. "हळूहळू घे. उद्या सोमवार हाय, आपल्याला जायचंय."

मागे बाळा मानकरी रडत होता. कावळा उतरला तसे लोक "शिवला, शिवला" म्हणून उठले आणि पाय धुवायला पाण्याकडे गेले. विमला रिकाम्या बाटलीवरची पट्टी नखाने सोलत तिथेच बसून राहिली.